आपला गड, आपले रान

मंडळी, पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी आसनगाव स्टेशनावर जाऊन बघा. मुंबईकडून लोकल येते. गाडीतून तरुण पोरे-पोरी उतरतात. पाठीवर पिशवी, पायात जाड बूट. रिक्षावाल्याला विचारतात, "माहुलीला येणार का?" तिकडे मुरबाडच्या एस. टी. स्टँडवर दुसरी टोळी उभी असते. ती विचारते, "वैशाखऱ्याला गाडी कधी आहे?"

ही माणसे लांबून येतात. पदरचे पैसे खर्च करतात. चिखल तुडवतात, भिजतात, दमतात. कशापायी? आपल्याकडे बघण्यासारखे असे आहे तरी काय?

आपण म्हणतो, "डोंगर आहे अन् रान आहे. त्यात काय बघायचं?" रोज दिसते त्याची किंमत वाटत नाही. पिकते तेथे विकत नाही, असे म्हणतात ते काही खोटे नाही. पण परका माणूस येऊन आपल्या गडाचे नाव घेतो आणि आपल्याला त्या गडाची चार वाक्ये सांगता येत नाहीत, हे बरे नव्हे. आता तर आपल्याला वाचता येते. तेव्हा या पाठात आपण आपल्याच अंगणात फिरून येऊ. काय काय आहे ते बघू. मग पाहुणा आला म्हणजे आपण काय करावे, तेही ठरवू.

१. डोंगराची भिंत, घाटाचे दार

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. डोंगराच्या वर देश. डोंगराच्या खाली कोकण. वर ज्वारी-बाजरी, खाली भात. मधे हा डोंगर भिंतीसारखा उभा आहे.

भिंत म्हटली की दार हवे. डोंगराला जी दारे आहेत त्यांना आपण घाट म्हणतो. शहापूरच्या बाजूला थळघाट आहे. त्यालाच कसारा घाट म्हणतात. मुरबाडच्या बाजूला माळशेज घाट आणि नाणेघाट आहेत.

दार असले की तेथून ये-जा होते. व्यापारी येतो, बैल येतो, फौजही येते. म्हणून दाराशी पहारा लागतो. आपल्या भागात एवढे गड का आहेत, त्याचे हे उत्तर आहे. आपला मुलूख म्हणजे सरहद्दीचा मुलूख. पुढे इंग्रजांनी रेल्वे आणली, तीही याच दाराने. १८६१ साली रेल्वे कसाऱ्याला पोचली. १८६५ साली ती घाट चढून इगतपुरीला गेली.

२. माहुलीचा गड

आसनगावहून माहुली गाव जवळच, सुमारे ५ किलोमीटरवर आहे. गावाच्या माथ्यावर गड आहे. गडाची उंची २,८०० फुटांच्या वर आहे. गड एक दिसतो, पण त्याचे तीन भाग आहेत. उत्तरेला पळसगड, मधे माहुली, दक्षिणेला भंडारगड. भंडारगडाच्या बाजूला उंच सुळके आहेत. त्यांना लोक नवरा, नवरी आणि भटोबा म्हणतात.

गड चढायला दोन ते तीन तास लागतात. वरच्या टप्प्यात एक लोखंडी शिडी लागते. माथ्यावर पडकी तटबंदी आहे. पाण्याचे तळे आहे. महादरवाजाची जागा आहे, आणि तेथे पहारेकऱ्यांच्या बसण्याच्या देवड्या आहेत.

आता या गडाची हकीकत ऐका.

१६३६ साल. अहमदनगरची निजामशाही बुडत होती. शहाजीराजांनी निजामशाहीच्या लहान मुलाला गादीवर बसवले होते आणि त्याच्या नावाने ते झुंज देत होते. दिल्लीचा मोगल बादशहा शहाजहान आणि विजापूरचा आदिलशहा, दोघे मिळून त्यांच्यावर चालून आले. शहाजीराजे हटत हटत माहुलीला आले. मोगल सरदार खानजमान याने गडाला वेढा घातला. जिजाबाई आणि लहानगे शिवाजीराजेही त्या वेळी गडावर होते, असे सांगतात. शेवटी गड द्यावा लागला. निजामशाही संपली. एका मोठ्या राज्याचा शेवट आपल्या माहुलीवर झाला.

पण गोष्ट येथे थांबत नाही. त्या वेळी शिवाजीराजे सहा वर्षांचे होते. मोठे झाल्यावर, १६५८ साली, त्यांनी माहुली घेतली. १६६५ साली पुरंदरचा तह झाला. त्या तहात मोगलांना २३ किल्ले द्यावे लागले. त्या यादीत माहुली, पळसगड आणि भंडारगड अशी आपली तिन्ही नावे आहेत.

१६७० साली महाराजांनी किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. फेब्रुवारीत माहुलीवर मराठ्यांनी हल्ला केला. मोगलांचा किल्लेदार होता मनोहरदास गौड. तो सावध होता. हल्ला फसला. मराठ्यांची पुष्कळ माणसे पडली. पण मनोहरदासाने पुढे किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी दुसरा आला. मग जून महिन्यात मोरोपंत पिंगळे यांनी गड जिंकला.

यातून काय घ्यायचे? गड तोच, भिंती त्याच. जोवर राखणारा जागा होता तोवर गड टिकला. राखणारा बदलला आणि गड गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

३. नाणेघाट: दगडावरचा हिशेब

आता मुरबाडकडे वळू. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याने निघाले की वैशाखरे गाव लागते. त्याच्या पुढून नाणेघाटाची पायवाट सुटते. घाटाचा पायथा मुरबाडचा, माथा जुन्नरचा. वाट चढायला दोन-तीन तास पुरतात.

ही वाट सुमारे दोन हजार वर्षांची जुनी आहे. त्या वेळी महाराष्ट्रावर सातवाहन राजे राज्य करत होते. त्यांची राजधानी पैठण. समुद्रावर सोपारा आणि खाडीवर कल्याण ही बंदरे होती. गलबतातून माल उतरायचा. बैलांच्या पाठीवर लादायचा. मग नाणेघाट चढून जुन्नरला आणि तेथून पैठणला जायचा. घाटाच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे लोक सांगतात.

घाटाच्या माथ्याजवळ खडकात खोदलेली एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर अक्षरे कोरली आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या नावाशी हा लेख जोडलेला आहे. राजघराण्याने कोणते यज्ञ केले आणि काय काय दान दिले, त्याची त्यात यादी आहे. गाई, हत्ती, घोडे, गावे, आणि कार्षापण नावाची नाणी. गाई तर हजारांनी.

यादी म्हटली की आकडे आले. या गुहेतले आकडे भारतातल्या जुन्यात जुन्या आकड्यांपैकी आहेत. एक दाखवायला एक आडवी रेघ. दोन दाखवायला दोन आडव्या रेघा. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य तेव्हा लिहीत नसत. आज तुम्ही एकावर दोन शून्ये देऊन शंभर लिहिता. राणीच्या लेखनिकाला ही सोय नव्हती!

त्या गुहेत राजाराणीच्या आणि त्यांच्या माणसांच्या मूर्तीही होत्या. त्या मोडल्या. आता नुसत्या पायांच्या खुणा उरल्या आहेत. पण वर कोरलेली त्यांची नावे वाचता आली. मूर्ती गेल्या, अक्षर राहिले. अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते. हा शब्दच तसा आहे.

पण अक्षरालाही एक शत्रू आहे. तो म्हणजे खिळा घेऊन भिंतीवर आपले नाव कोरणारा माणूस. दोन हजार वर्षे ऊन-पाऊस सोसलेले अक्षर तो पाच मिनिटांत बिघडवतो. असा कोणी दिसला तर त्याला तेथेच अडवा.

४. सिद्धगड: २ जानेवारी

मुरबाड तालुक्यातच सिद्धगड आहे. सभोवार दाट रान. हे रान भीमाशंकर अभयारण्यात येते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू या रानात आहे. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. ती झाडावरून झाडावर उडी मारत जाते. जमिनीवर क्वचित उतरते. म्हणून तिला सलग झाडी लागते.

१९४२ साली चले जाव चळवळ पेटली. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, यांनी आझाद दस्ता उभा केला. त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी गावोगाव शाळा काढल्या होत्या. चळवळीत त्यांच्या दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे खांब पाडले. सरकार मागे लागले. दस्ता सिद्धगडच्या रानात लपला. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी त्यांना गाठले. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दर वर्षी २ जानेवारीला लोक तेथे जमतात आणि त्यांना वंदन करतात.

या रानाने स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना आसरा दिला. म्हणून ते आपल्याला जास्त जवळचे.

५. तानसाचे अभयारण्य

अभयारण्य हा शब्द फोडून वाचा. अभय अधिक अरण्य. जेथे जनावराला भय नाही ते अरण्य. तानसा अभयारण्य १९७० साली झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३०० चौरस किलोमीटर आहे. ते शहापूर तालुक्यात आणि शेजारच्या वाडा-मोखाड्यात पसरले आहे. वाडा आणि मोखाडा आता पालघर जिल्ह्यात आहेत. तो जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला.

रानात साग, ऐन, खैर, हेद, कळंब, मोह, पळस अशी झाडे आहेत. बिबट्या, तरस, भेकर, रानडुक्कर आहेत. पक्षी तर विचारू नका.

त्यातल्या एका पक्ष्याची कथा सांगण्यासारखी आहे. त्याचे नाव रानपिंगळा. घुबडाच्या जातीचा, पण लहान. तो दिवसाही फिरतो. १८८४ नंतर तो कोणाला दिसला नाही. लोक म्हणाले, ही जात संपली. ११३ वर्षांनी, १९९७ साली, तो सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याच्या बाजूला पुन्हा दिसला. आणि २०१४ साली तो आपल्या तानसाच्या रानात सापडला! जगातले पक्षी पाहणारे लोक आता त्याच्यासाठी येथे येतात. रानपिंगळा जुन्या झाडाच्या ढोलीत घरटे करतो. जुने झाड तुटले की त्याचे घर गेले.

दुसरी कथा बिबट्याची. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढले. अभ्यासकांनी त्याच्या गळ्यात एक पट्टा घातला. तो कोठे जातो हे त्या पट्ट्यावरून कळत असे. स्वभावाने तो शांत होता, म्हणून त्याचे नाव ठेवले आजोबा. त्याला माळशेज घाटात सोडले.

मग आजोबा चालू लागला. मुंबई–आग्रा रस्ता त्याने ओलांडला. कसाऱ्याचा रेल्वेमार्ग ओलांडला. आपल्या भागातले रान पार करून, वसईची खाडी पोहून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात गेला. सुमारे १२० किलोमीटर वाट! वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. २०११ साली मोठ्या रस्त्यावर वाहनाची धडक लागून तो मेला.

यावरून काय कळले? आपले रान म्हणजे एकटे डबके नव्हे. ते माळशेजपासून मुंबईपर्यंतच्या साखळीतली कडी आहे. मधली कडी तुटली तर साखळी तुटते.

६. धरण उशाला, कोरड घशाला

रानाच्या पोटात तलाव आहेत. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. दगडी भिंत, पावणेतीन किलोमीटर लांब. वैतरणेवर १९५७ साली धरण झाले. त्याच्या तलावाला मोडकसागर म्हणतात. इंजिनियर मोडक यांचे नाव त्याला दिले आहे. पुढे भातसा धरण झाले. मुंबईला जे पाणी मिळते, त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे असते.

पाहुणे हे तलाव बघून खूश होतात. पाणी किती निळे, झाडी किती हिरवी! पण आपल्याला दुसरीही गोष्ट ठाऊक आहे. एप्रिल-मे उजाडला की याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. बाया हंडे घेऊन झऱ्याशी रात्र काढतात. धरण उशाला, कोरड घशाला.

हे दुःख खरे आहे. ते पाहुण्यालाही सांगावे. रागाने नव्हे, माहिती म्हणून सांगावे. मुंबईच्या माणसाच्या नळाला जे पाणी येते, ते या रानाने अडवले आणि या मातीने जिरवले. जो हे समजला, तो रानात बाटली फेकताना थोडा तरी विचार करील. आपले झरे जगायचे तरी रान लागतेच. डोंगर बोडका झाला की पाऊस वाहून जातो आणि झरा लवकर आटतो.

७. पाहुणा आला म्हणजे

पाहुणा दोन गोष्टी आणतो. एक पैसा, दुसरी घाण. तो गेल्यावर गावात काय मागे राहते, ते आपल्या वागण्यावर आहे. आपण जागे असलो तर पैसा राहतो. झोपलो तर पैसा बाहेरचा दलाल घेऊन जातो आणि घाण आपल्याला ठेवतो. माहुलीचा किल्लेदार आठवा.

मग काय करावे?

पहिली गोष्ट, वाट दाखवणे. गडावर वाटा फुटतात. धुक्यात पाहुणा चुकतो. गावचा पोरगा बरोबर असला तर चुकत नाही. वाटाड्याने चढण्याआधी माणसे मोजावीत आणि उतरल्यावर पुन्हा मोजावीत. पाऊस जोराचा असला तर सरळ सांगावे, "आज वर जाऊ नका." ओढ्याला पाणी चढले असेल तर उतरण्याची वाट पाहावी. धबधब्याखाली दगड येतात आणि शेवाळावर पाय घसरतो. मजुरी बुडाली तरी चालेल, माणूस बुडता कामा नये.

दुसरी गोष्ट, जेवण. शहरच्या माणसाला हॉटेलचे जेवण शहरातच मिळते. त्याला आपली तांदळाची भाकरी द्या, नाचणीची द्या, कुळथाचे पिठले द्या. पावसाच्या तोंडाला शेवळं येतात, त्यांची भाजी द्या. शेवळं खाजतात, म्हणून त्यांत काकडं घालतात. हे आपल्या बायांना ठाऊक आहे, पुस्तकवाल्यांना ठाऊक नाही. ही विद्याच आहे. तिचे मोल घ्यायला लाजू नये.

तिसरी गोष्ट, खरे सांगणे. पाहुण्याला खूश करण्यासाठी तिखटमीठ लावू नका. जे लिहून ठेवलेले आहे, ते सालासकट सांगा. जे लोकांच्या तोंडी आहे, ते सांगताना "असे सांगतात" म्हणा. डेहण्याजवळच्या आजोबा डोंगरावर वाल्मीकींचा आश्रम होता, लव-कुश तेथे वाढले, असे आपले लोक मानतात. ते तसेच सांगा. श्रद्धा ती श्रद्धा आणि इतिहास तो इतिहास. दोन्हींचा मान राहतो.

चौथी गोष्ट, वणवा. उन्हाळ्यात एक काडी पडली की डोंगर जळतो. गवत जळते, पाखरांची अंडी जळतात, मोहाची रोपे जळतात. गडावर किंवा रानात शेकोटी पेटवू देऊ नका. अभयारण्यात आग लावणे, शिकार करणे, जनावरांना त्रास देणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. हा कायदा पाहुण्यालाही आहे आणि आपल्यालाही आहे.

पाचवी गोष्ट, कचरा. जे वर नेले ते खाली आणायचे, हा नियम पायथ्याशीच सांगा. प्लास्टिकची पिशवी गुरू खाते आणि मरते. गुरू पाहुण्याचे मरत नाही, आपले मरते.

८. एक वही ठेवा

आपण लिहायला शिकलो ते कशासाठी? नुसती सही करण्यासाठी नव्हे. गावात एक वही ठेवा. तिच्यात असे रकाने आखा:

तारीख. पाहुण्यांची संख्या. कोठून आले. वाटाड्या कोण. वर किती वाजता गेले. खाली किती वाजता आले. किती रुपये मिळाले. कोणाला किती दिले.

ही वही दोन कामे करते. संध्याकाळ झाली आणि कोणी परतले नाही, तर वहीवरून लगेच कळते. आणि पैशावरून भांडण होत नाही.

एक हिशेब करून बघू. समजा, १० पाहुणे जेवले. दर माणशी १५० रुपये. एकूण १,५०० रुपये झाले. तांदूळ, तेल, भाजी, गॅस यांना ६०० रुपये लागले. उरले ९०० रुपये. स्वयंपाकाला ४ बाया होत्या. प्रत्येकीला २२५ रुपये. हे वहीत लिहिले, चौघींनी वाचले, चौघींनी सही केली. आता कोणी म्हणू शकत नाही की मला कमी मिळाले.

दर ठरवून पाटीवर लिहा आणि पाटी सर्वांना दिसेल अशी लावा. वाटाड्याचा दर, जेवणाचा दर, गाडी उभी करण्याचा दर. सर्वांना एकच दर. दर लिहिलेला असला की पाहुण्याला फसवल्यासारखे वाटत नाही, आणि घासाघीस करून आपल्याला कोणी खाली ओढत नाही.

९. ग्रामसभेत बोला

कोणी म्हणेल, "हे सगळं खरं, पण रान सरकारचं. आमचं कोण ऐकतं?"

ऐकावे लागते. सगळा शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्या कायद्याने गावच्या साधनसंपत्तीबाबत ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने, ज्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा मान्य झाला, त्या गावाला आपले रान राखण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क मिळतो. पण हक्क आपोआप चालत घरी येत नाही. दावा लिहावा लागतो. ठराव लिहावा लागतो. खाली सह्या लागतात. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते, कागदावरचे राहते. नाणेघाटात तेच पाहिले ना?

तेव्हा पुढच्या ग्रामसभेला जा. घरात बसू नका. बायांनीही जावे. आपल्या रानात आणि गडावर पाहुणे येतात, त्यांचे नियम काय असावेत, दर काय असावेत, जमलेल्या पैशातून झऱ्याची डागडुजी करायची की वाट सुधारायची, हे तेथे विचारा. वनखात्याच्या माणसाला सभेला बोलवा. बोलणे झाले की ठराव लिहून घ्या. लिहिलेला ठराव स्वतः वाचून बघा. न वाचता अंगठा देण्याचे दिवस आपल्यापुरते संपले.

गड आपण बांधला नाही. लेख आपण कोरला नाही. रान आपण लावले नाही. हे सगळे मागच्यांनी आपल्या हवाली केले आहे. आपल्याला ते पुढच्यांच्या हवाली करायचे आहे. मधल्या काळात राखण आपली. पाहुणा दोन तास राहून जातो. राखणदार मात्र येथेच असतो.

शब्द वाचा आणि अर्थ सांगा

सरहद्द — दोन मुलखांमधली हद्द.
वेढा — गडाला चारी बाजूंनी फौजेने घेरणे.
देवडी — दरवाजाच्या आतली पहारेकऱ्याची बसण्याची जागा.
जकात — मालावर घेतला जाणारा कर.
लेख — दगडावर किंवा तांब्यावर कोरलेला मजकूर.
अभयारण्य — जेथे जनावरांना अभय आहे ते अरण्य.
ठराव — सभेने ठरवून लिहिलेला निर्णय.

उत्तरे द्या

१. घाटाला डोंगराचे दार का म्हटले आहे?
२. माहुली गडाचे तीन भाग कोणते?
३. १६७० साली फेब्रुवारीत माहुलीवरचा हल्ला का फसला?
४. नाणेघाटातल्या आकड्यांत दोन कसे लिहीत?
५. रानपिंगळा किती वर्षे कोणाला दिसला नव्हता?
६. "धरण उशाला, कोरड घशाला" हे आपल्या गावाला लागू पडते का? कसे?

वर्गात करा

तुमच्या गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल असा गड, घाट, तलाव, देऊळ किंवा रानातली जागा निवडा. तिच्याबद्दल पाच वाक्ये लिहा. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून आणखी दोन वाक्ये लिहा, आणि त्यांच्या पुढे "असे सांगतात" हे शब्द लिहा. मग सर्वांसमोर वाचून दाखवा. पुढच्या रविवारी पाहुणा आला, तर हीच वाक्ये त्याला सांगा.